चुलीत गेलेला जांभळा खडा

मी एक जुना पिवळा खडा आहे. चिंचोक्याएवढा, मधाच्या रंगाचा, सोन्याच्या साध्या कोंदणात बसलेला. मला हातात घेणारी माणसं आधी रंगाचंच बोलतात. किती गोड पिवळा आहे, म्हणतात. मी ऐकून घेतो. पण मित्रांनो, हा रंग माझा जन्माचा नव्हे. मी जन्मलो तेव्हा पिकल्या जांभळासारखा होतो. तो रंग कसा गेला, आणि जाता जाता एका लेकीचा संसार कसा पणाला लागला, तेवढंच आज तुम्हाला सांगायचं आहे. गोष्ट फार मोठी नाही. आईच्या चार भाकरी थापून होतील तोवर संपेल.

आपल्या जालन्याच्या मुलखात जमीन काळी. त्या काळ्या मातीची आई म्हणजे तिच्याखालचा काळा खडक. फार फार पूर्वी, बघायला माणूसच नव्हता तेव्हा, हा खडक पातळ होता आणि उकळत्या काकवीसारखा जमिनीवर पसरत होता. काकवी उकळताना बुडबुडे येतात ना? तसे त्यातही आले. वरचा थर थिजला, काही बुडबुडे आतच अडकले, आणि खडक निवल्यावर त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपू लागलं. येताना ते खडकातली गार, म्हणजे गारगोटी जिची बनते ती, विरघळवून आणायचं आणि पोकळीच्या भिंतीवर थोडी थोडी ठेवून जायचं. थरावर थर बसले. आधी दुधी अकीकाचे, आणि त्यावर आमचे, टोकदार स्फटिकांचे. तुम्ही मिठाच्या दाट पाण्यात दोरा सोडून खडे धरताना पाहिले असतील, तसंच हे. फक्त आम्हाला कसली घाई नव्हती.

आम्ही गारगोटीच्याच कुळातले. नदीच्या वाळूत सापडणारी पांढरी गारगोटी माझी चुलत बहीण लागते. आमच्या अंगात लोखंडाचा कण शिरला, म्हणून आम्ही जांभळे झालो, इतकाच फरक. जाणकार आम्हाला जमुनिया म्हणतात. आम्हा प्रत्येकाला सहा बाजू, आणि वर तासलेल्या पेन्सिलीसारखं टोक. हे टोक कोणी घासून केलेलं नाही, आम्ही वाढतोच तसे. अंधारात, एकमेकांना खेटून, आम्ही भावंडं कितीक काळ तशी उभी होतो. आपण जांभळे आहोत हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. रंग कळायला उजेड लागतो.

उजेड आला तो सुरुंगाच्या आवाजाबरोबर.

निजामाच्या अमलातले दिवस होते ते. केदारखेड्याचे बद्रीनाथ आपल्या शेतात विहीर खोदत होते. वरची माती गेली, मुरूम गेला, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ खडक लागला, आणि त्याखाली काळा पाषाण. खोदणारे वडार पहारीने हैराण झाले, तेव्हा सुरुंग लावला. धूर निवल्यावर त्यातला एक जण दोराला धरून खाली उतरला आणि तिथूनच म्हणाला, "मालक, हितं दगडाच्या पोटात वांगी पिकून राह्यलीत."

काठावरचे सगळे हसले. बद्रीनाथ हसले नाहीत. "वांगी राहू दे," ते म्हणाले, "वल लागती का पाह्य."

ओल पुढे लागली, पाणीही लागलं. पण त्या दिवशी भाकरी घेऊन आलेल्या दुर्गाबाईंनी, म्हणजे बद्रीनाथांच्या पत्नीने, आमचा अर्ध्या नारळाएवढा तुकडा रिकाम्या टोपलीत ठेवला आणि डोक्यावरून घरी नेला. घरी देवाशेजारच्या कोनाड्यात आम्हाला जागा मिळाली. तिथे ऊन यायचं नाही. सकाळी दार उघडलं की हलका उजेड यायचा, आणि आम्ही भिंतीवर जांभळे ठिपके पाडायचो. दुर्गाबाई झाडता झाडता थांबून बघायच्या. हातातलं काम टाकून त्यांना दुसऱ्या कशाकडे बघताना मी पाहिलं नाही.

त्यांची लेक साळू, साळूबाई, आमच्याबरोबरच वाढली. तिला खेळायला दुसरं फार काही नव्हतं. उन्हाळ्यात ती आम्हाला गालाला लावायची, कारण बाहेर कितीही तापलं तरी आमचं अंग गार. एकदा तिने आमच्या टोकाने आईच्या बांगडीवर ओरखडा काढला आणि धपाटा खाल्ला. मग विळ्याच्या टोकाने आमच्यावर ओरखडा काढायचा प्रयत्न केला. विळ्याचंच लोखंड आमच्यावर काळ्या रेघेसारखं उमटलं, आणि बोटाने पुसलं तेव्हा खाली आम्ही जसेच्या तसे. तिला मोठी गंमत वाटली. मित्रांनो, कुठल्याही खड्याची ओळख अशीच सुरू होते. तो कशाला ओरखडतो आणि त्याला कोण ओरखडतं, हे बघायचं. मी काचेला ओरखडतो, लोखंडाला हार जात नाही. पण पुष्कराज, माणिक, नीलम हे माझ्याहून कठीण. त्यांच्यापुढे मला मान तुकवावी लागते.

साळूचं लग्न तीर्थपुरीला ठरलं. घरात सोनं बेताचंच होतं. दुर्गाबाई म्हणाल्या, पोरीच्या गळ्यात निदान एक पदक तरी पाहिजे, आणि त्यात विहिरीतला खडा पाहिजे. दगडाच्या कडेला मी थोडा सैल झालेलो होतो. त्यांनी मला हळूच हलवून काढलं. भावंडांपासून सुटलो तो असा.

बद्रीनाथ मला फडक्यात बांधून जालन्याला घेऊन गेले. तिथे सराफ्याच्या गल्लीत नगीने घासणारे एक म्हातारे चाचा बसत. त्यांनी आधी मला ओठाला लावलं. काच ओठाला लगेच ऊबदार लागते, आमच्यासारखा खडा गारच राहतो. मग पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन मला त्यात सोडलं आणि वाकून बघितलं. पाण्यात माझ्या आतला रंग दिसतो, तो सगळीकडे सारखा नसतो. कुठे दाट, कुठे फिका, सरळ पट्ट्यांनी कोन करून बसलेला. काच रंगवली तर तिच्यात असे पट्टे येत नाहीत. उलट बारीक गोल बुडबुडे दिसतात.

"असली है, पटेल," चाचा बद्रीनाथांना म्हणाले. "जमुनिया है. नीलम समज के किसी को नक्को बताना, और काच बोले तो सुनना बी नक्को."

त्यांनी मला लाखेवर चिकटवून कुरुंदाच्या चाकावर धरलं आणि पैलू पाडले. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. पैलू पडल्यावर उजेड माझ्यात शिरून आतल्या आत फिरू लागला. सोनाराने पदक केलं. साळू नवरी झाली आणि मी तिच्या गळ्यात बसून, दमणीच्या बैलांच्या घुंगरांच्या नादात, तीर्थपुरीला गेलो.

साळूच्या सासूचं नाव द्वारकाबाई. तुम्हाला त्यांचा राग येईल, म्हणून आधीच सांगतो, त्या वाईट नव्हत्या. नवरा लवकर गेला. पदरात मुलगा कचरू आणि धाकटी तारा. बाईमाणूस एकटी शेत करते म्हटल्यावर फसवायला पुष्कळ लोक टपलेले. एकदा तर बाजारात त्यांना एक म्हातारा बैल शिंगं रंगवून, तरणा म्हणून गळ्यात मारला होता. पहिल्या पावसात शिंगांचा रंग ओघळला. तेव्हापासून द्वारकाबाई जे घेतील ते आधी पाण्यात घालून, घासून, वास घेऊन बघायच्या. लोक मागे हसायचे. त्यांना ते ठाऊक होतं.

साळूवर मात्र त्यांचा जीव बसत चालला होता. तारा तर वहिनीच्या मागे मागेच. वहिनी दळायला बसली की ही मांडीला मांडी लावून बसायची आणि माझ्याकडे टक लावून विचारायची, "वैनी, ह्याच्या आत दिवा हाय का गं?"

साळू म्हणायची, "हाय. पर तो तुझ्यासारख्यांनाच दिसतो."

असे दिवस चालले असताना कुंभार पिंपळगावला भावकीत एक लग्न निघालं. तिथे द्वारकाबाईंची चुलत जाऊ उषाबाई भेटली. बायका बसल्या होत्या, सुनांचे दागिने बघणं चाललं होतं. उषाबाईने मला दोन बोटांत धरून उलटंसुलटं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश म्हणाली, "द्वारकाबाई, सून झ्याक आणली. पदक बी झ्याक. असल्या जांभळ्या काचा कासाराकडं टोपलीनं मिळतात, येवढंच."

बायका हसल्या. कोणी तोंडाला पदर लावून, कोणी न लावता. परतीच्या वाटेवर गाडीत द्वारकाबाई अख्ख्या रस्त्याने बाहेर बघत होत्या. साळूने दोनदा पाणी विचारलं, त्यांनी ऐकलं नाही असं केलं. मला तेव्हाच कळलं की त्यांना पुन्हा तो शिंगं रंगवलेला बैल आठवतो आहे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, स्वयंपाक उरकल्यावर, त्यांनी साळूला पदक काढून द्यायला सांगितलं. दाभणाने कोंदणाची कड उचकटून मला बाहेर काढलं. चुलीत गोवऱ्यांचा आर फुललेला होता.

"आत्याबाई," साळू म्हणाली, "दगडाला आगीत कोण घालतं?"

"सोनं घालतात का न्हाई?" द्वारकाबाई म्हणाल्या. "सोनं आगीत गेलं की जास्तीच उजळतं. जे खरं हाय ते टिकतं, खोट्याचा रंग उडतो. तुझा खडा खरा असंल तर तुला कशाचं भ्या?"

मित्रांनो, त्यांची चूक एवढीच होती. सोन्याची पारख त्यांनी मला लावली. सोनं आगीत आपला रंग राखतं, पण माझा रंग वेगळा. तो माझ्या आतल्या लोखंडाच्या कणावर अलगद बसलेला असतो. फार ताप लागला की तो उठून जातो. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, साळूलाही ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक असून तोंड नव्हतं.

त्यांनी मला चिमट्याने राखेत ठेवलं, वरून राख ओढली आणि त्यावर आर पसरला. मी हळूहळू तापत गेलो. दुखणं काय असतं ते आम्हाला कळत नाही. पण खोलीतली माणसं एकेक करून उठून जावीत आणि आपण एकटंच बसून राहावं, तसं काहीसं वाटलं. चूल निवेपर्यंत द्वारकाबाई तिथून हलल्या नाहीत. मग राख सारून त्यांनी मला परातीत टाकलं.

मी पिवळा झालो होतो.

तारा परातीवर वाकली. म्हणाली, "दिवा कुठं गेला?"

"दिवा नव्हताच," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "रंग होता. पाह्य कचरू, उतरला. तुझ्या सासऱ्यानं बी शिंगं रंगवूनच दिली आपल्याला."

कचरू दारात दोर वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही. साळूने मला उचललं, राख पुसली, हातातल्या बांगडीवर घासलं. काचेवर पांढरा ओरखडा उमटला. "आत्याबाई, काच न्हाई ही. पाह्या, माझ्यावर कायी उमटत न्हाई... खड्यावर, खड्यावर कायी उमटत न्हाई, बांगडी कातरली." बोलताना तिची जीभ अडखळत होती.

"दगड असंल," सासू म्हणाल्या. "पर रंगवलेला. पांढऱ्या गारेला रंग देऊन जांभळी केली. काय फरक पडतो? फसवणूक ती फसवणूक. कचरू, केदारखेड्याला जा. त्यांना म्हणावं, या आणि आपली पोरगी घेऊन जा. एकदा गेली की मंग पुन्हा धाडू नका."

त्या काळी माहेरी परत पाठवलेल्या लेकीचं काय व्हायचं, ते तुम्हाला कसं सांगू? तिला घरात जागा असायची, पण गावात नसायची. साळू भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. कचरू बैल जुंपायला उठला तेव्हा ती त्याच्या मागे अंगणात गेली आणि त्याला ऐकू जाईल एवढंच बोलली. मी अजून तिच्या मुठीत होतो, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आईला म्हणावं, येताना कोनाड्यातला दगड संगं आणा. इसरू नका."

"काय करायचं त्याचं?"

"ते मला बी बराबर ठावं न्हाई. पर आणा."

कचरू गेला. केदारखेडा काही जवळ नव्हतं, जालना ओलांडून पलीकडे जावं लागायचं. तो येईपर्यंत घरात कामं झाली, पण शब्द नाही. द्वारकाबाई सुनेच्या हातची भाकरी खायच्या, तिला मात्र काही म्हणायच्या नाहीत. तारा मला वहिनीकडून मागून घ्यायची आणि परकराच्या ओच्यात घेऊन बसायची. अधूनमधून माझ्यावर फुंकर घालायची. तिला वाटायचं, दिवा पुन्हा लागेल.

कचरूच्या गाडीमागून पाहुण्यांची बैलगाडी आली ती सकाळची उन्हं अंगणात उतरली तेव्हा. बद्रीनाथ उतरले ते तडक दारापर्यंत आले आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "साळू, बोचकं बांध. जल्दी कर."

त्यांच्यामागून दुर्गाबाई उतरल्या. मांडीवर ठेवून आणलेला दगड त्यांनी लुगड्याच्या पदरात गुंडाळला होता, तान्ह्या लेकरासारखा. पदर बाजूला झाला, आणि मी माझ्या भावंडांना कितीतरी दिवसांनी पाहिलं. तशीच जांभळी, तशीच खेटून उभी. माझी कडेची जागा रिकामी होती.

"अण्णा, मी येत न्हाई," साळू म्हणाली.

"येत न्हाई म्हंजे? ज्यांनी तुझ्या बापाला चोर ठरवलं त्यांच्या दारात उभी राहून तू आता पारख देणार?"

"माझी न्हाई, तुमची देणार." साळू आईकडे वळली. "आई, हा तुझा दगड हाय. हा खडकासकट निघाला, विहिरीतनं. काळा खडक अजून ह्याच्या पाठीला चिकटलेला हाय. ह्याला कुणी रंगवलं म्हणायला जागा न्हाई. ह्याला त्याच चुलीत घालू दे."

दुर्गाबाईंनी दगड छातीशी धरला.

"ह्याचा रंग गेला, तर अण्णांचं खरं," साळू म्हणाली. "न्हाई गेला, तर मी गाडीत बसते. मंग मला कुणी कायी ईचारू नका."

मित्रांनो, तिला ठाऊक नव्हतं काय होईल ते. हे ध्यानात घ्या. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की तिचे वडील असं करणार नाहीत. बाकी सगळं अंधारात होतं. बद्रीनाथांनाही खात्री नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, की चाचांनी किंवा सोनारानेच तर खडा बदलला नसेल, अशी शंका त्यांनाही चाटून गेली. म्हणून तर त्यांना तिथून लवकर निघायचं होतं. खात्री एकट्या मलाच होती, आणि मी ताराच्या ओच्यात गप्प पडून होतो.

शेवटी दुर्गाबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वतः चुलीसमोर बसून दगड राखेत ठेवला. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कसं केलं तसंच करा. कमी न्हाई, जास्ती न्हाई."

द्वारकाबाईंनी राख ओढली, गोवऱ्यांचा आर वर सारला. मग सगळे बसून राहिले. व्याही ओसरीवर, विहिणी चुलीपाशी समोरासमोर, कचरू अंगणात बैलांजवळ. बैल जुंपलेलेच होते. कोणी सोडा म्हणालं नव्हतं, कोणी हाका म्हणालं नव्हतं. चुलीत एकदा बारीक तडकल्याचा आवाज झाला. साळू दचकली. माझ्या एका भावाचं टोक तुटलं होतं. मोठा दगड तापताना कुठे आधी तापतो, कुठे मागाहून, आणि मग तडा जातो. त्यानंतर चूल गप्प होती.

आर निवला. द्वारकाबाईंनी राख सारली, पण दगड त्यांनी उचलला नाही. हात मागे घेतला. दुर्गाबाईंनी पदर हातावर घेऊन दगड बाहेर काढला, उंबऱ्याशी उजेडात आणला आणि फुंकर मारली.

सगळी भावंडं पिवळी झाली होती. बुंध्यापाशी कुठे कुठे जांभळ्याची सावली होती, टोकं मात्र मधासारखी. ताराने ओचा पुढे करून मला त्यांच्याशेजारी धरलं. आम्ही एका रंगाचे होतो.

दुर्गाबाई दगडाकडे बघत राहिल्या. रोज झाडता झाडता थांबून ज्याच्याकडे बघायच्या तो रंग आता कुठेच नव्हता. त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि दगड पुन्हा पदरात गुंडाळून घेतला.

"आई, तुझा दगड..." साळू म्हणाली, आणि आता तिला रडू आलं.

"दगड हाय की," दुर्गाबाई म्हणाल्या. "कुठं गेला? हा काय."

द्वारकाबाई चुलीपाशीच बसून होत्या. बद्रीनाथ काही कडू बोलणार, असं वाटलं. त्यांचे ओठ हललेही. पण त्याआधी द्वारकाबाई उठल्या, दारात आल्या आणि अंगणाकडे तोंड करून म्हणाल्या, "कचरू, पाव्हण्यांचे बैल सोड. वैरण टाक त्यांच्यापुढं."

बस, एवढंच. क्षमा मागायची त्यांना सवय नव्हती, आणि त्या वेळी कोणी मागायला लावलीही नाही. कचरूने इतक्या घाईने जू काढलं की बैल बिचकले. साळूने परातीत पीठ घेतलं. जेवायला बसले तेव्हा द्वारकाबाईंनी व्याह्यांच्या ताटात स्वतःच्या हाताने तूप वाढलं, आणि बद्रीनाथांनी नको म्हटलं नाही.

मला द्वारकाबाईंनी पुन्हा कोंदणात बसवून आणलं. साळू मला गळ्यात घालून बाजाराला जायची, लग्नाला जायची. उषाबाई भेटली की विचारायची, जांभळा होता तो पिवळा कसा झाला गं? साळू हसून म्हणायची, पिकला. एकदा माजघरात दोघीच असताना द्वारकाबाईंनी हळूच विचारलं, "पुन्हा पयल्यासारखा व्हईल का गं कधी?" साळूने मान हलवली. "न्हाई, आत्याबाई. आता ह्योच त्याचा रंग." त्यानंतर द्वारकाबाई बराच वेळ गहू निवडत होत्या. निवडून झालेलेच पुन्हा निवडत होत्या.

वर्षं गेली. साळूची लेकरं माझ्याकडे हात टाकत मोठी झाली. तारा मोठी झाली आणि तिचं लग्न अंबडला ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी साळूने पदक गळ्यातून काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं. "घे," म्हणाली, "तुला दिवा दिसत व्हता ना ह्यात."

लग्न लागलं. दुपारी बायकांची पंगत उठली आणि तीच वेळ आली, जी मी आधी एकदा पाहिलेली होती. नव्या सुनेचे दागिने बघायला अंबडच्या बायका जमल्या. ताराच्या सासूबाईंनी मला बोटांत धरलं, उजेडाकडे केलं, जरा डोळे बारीक केले. "पिवळं हाय," त्या म्हणाल्या. "पुष्कराज म्हणायचा का काय? का नुसतीच काच?"

ताराचा चेहरा उतरला. साळू पुढे व्हायला निघाली, तेवढ्यात भिंतीजवळ बसलेल्या द्वारकाबाई हाताचा आधार घेऊन उठल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. सगळ्या बायकांमधून वाट काढत त्या पुढे आल्या. उषाबाईही तिथेच बसली होती.

"विहीणबाई," द्वारकाबाई म्हणाल्या, "पुष्कराज न्हाई, काच बी न्हाई. गारगोटीच्या जातीचा खडा हाय, विहिरीतनं निघालेला. पयले जांभळा व्हता. मी त्याला चुलीत घातलं, म्हणून असा झाला. माझ्या सुनेचा बाप खोटा हाय, असं मला वाटलं व्हतं." त्यांनी एकदा उषाबाईकडे पाहिलं. "तो खोटा नव्हता. तुम्हाला ह्याची पारख करायची असंल तर मला ईचारा, माझ्या सुनेला ईचारा. पर चुलीत नका घालू. ह्याला बी न्हाई, आन् माझ्या पोरीला बी न्हाई."

ताराच्या सासूबाईंनी मला सोडलं नाही. उलट मुठीत धरलं, क्षणभर, आणि मग ताराच्या गळ्यावर नीट बसवून पदर सारखा केला. "गार लागतं की," त्या म्हणाल्या. "काच असती तर येवढ्यात तापली असती." एवढं म्हणून त्यांनी दुसरा दागिना बघायला घेतला.

ताराच्या मागे साळू उभी होती. तिने आपल्या सासूला हाताला धरून पुन्हा भिंतीजवळ नेऊन बसवलं आणि पाणी दिलं. द्वारकाबाई ते सगळं प्यायल्या.

पुढे धामधुमीचे दिवस आले. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी तारा मला पदराच्या गाठीत बांधून कुठून कुठे हिंडली आणि सुखरूप परत आली. मी अजूनही तिच्याचकडे आहे. दुर्गाबाईंचा दगड केदारखेड्याच्या कोनाड्यात असेल. पिवळा असेल, पण असेल.

मित्रांनो, तुम्हाला कधी माझ्यासारखा खडा सापडला तर आधी गालाला लावून बघा. पाण्यात सोडून आतले पट्टे शोधा. काचेच्या फुटक्या तुकड्यावर हलकेच घासून बघा. सहा बाजू मोजा. जांभळा असेल तर त्याला दिवसचे दिवस उन्हातही ठेवू नका, रंग फिका पडतो. पारख जरूर करा, पारख करण्यात काही वाईट नाही. पण हाताने करा, डोळ्यांनी करा, विचारून करा. आणि तुमच्या घरी परक्या गावाहून कोणी नवं माणूस आलं, थोडं घाबरलेलं, थोडं गप्प, तर त्याच्या बाबतीतही हे विसरू नका. जे एकदा गेलं की कोणालाही परत आणता येत नाही, ते बघण्यासाठी म्हणूनसुद्धा आगीवर धरू नका.